ग्रिलसाठी स्टँड

सासूबाई जेवत नव्हत्या. जेवण सोडलं होतं असं नव्हे. ताटावर बसायच्या, भात चिवडायच्या, आमटीत बोट बुडवून चाटायच्या आणि "झाला माझा" म्हणून उठायच्या. पावसाळ्यात दम्यामुळे त्यांना आठवडाभर हॉस्पिटलात ठेवावं लागलं होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी निक्षून सांगितल्या. घरात धूर अजिबात नको, आणि वजन वाढलं पाहिजे. फुफ्फुसं थकलेली आहेत, त्यात अंगात ताकद नसेल तर पुढच्या झटक्याला औषध तरी किती पुरं पडणार, असं ते म्हणाले. पंचाहत्तरीची बाई, मुळातच हडकुळी. दर पंधरा दिवसांनी मी त्यांना वजनकाट्यावर उभं करायची आणि काटा आणखी थोडा मागे आलेला असायचा.

पंचाईत अशी की या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत होत्या. सासूबाईंचं माहेर मालवणकडचं, लहानपण चुलीपुढचं. मासा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेला, बाकी सगळं पोट भरायला, असं त्यांचं मत. आजारी पडण्याआधी त्या गॅसवर जाळी ठेवून बांगडा भाजायच्या आणि सगळं घर धुरकट करायच्या. ते बंद झालं. मी माशाचं तिखलं केलं, सार केलं, बांगडे रवा लावून तळले. प्रत्येक वेळी "बरा झाला हा" म्हणून ताट बाजूला. शेवटी एक दिवस मी वैतागून विचारलं, "आई, मग तुम्हाला हवंय तरी काय?"

"माका निखाऱ्यार भाजलेलो बांगडो होयो. दुसरा काय्येक नको."

"धूर नाही चालत तुम्हाला."

"मगे माका इचारतंस कित्याक?"

मला हसू आलं नाही. त्यांचं मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. ही बाई माझ्या डोळ्यांदेखत उपाशी मरणार, असं मला वाटायचं, आणि मला भीती वाटली की मी कामाला लागते. रडण्याबिडण्यापेक्षा ते मला सोपं जातं. आमच्या घरात खिळा ठोकण्यापासून पंख्याचा कंडेन्सर बदलण्यापर्यंत सगळी कामं मीच करते. नवऱ्याला टेस्टर आणि स्क्रू ड्रायव्हर यांतला फरक मी लग्नानंतर शिकवला. मी भांडुपच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा एक बांगडा धुराशिवाय भाजता येऊ नये हे मला पटत नव्हतं.

मोबाइलवर मी चार-पाच व्हिडिओ पाहिले. परदेशातले लोक घरामागच्या हिरवळीवर विटांचे, लोखंडाचे स्टँड करून त्यावर मांस भाजत होते. कमरेएवढी उंची, खाली कोळसे, वर जाळी. मी मनाशी जुळवलं. आमची इमारत मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूची, दोन मजल्यांची जुनी. आम्ही तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जेमतेम सहा पावलं जागा आहे. सासूबाई तिला परडा म्हणतात. तिथे अळू आहे, कढीपत्ता आहे, कपडे धुवायचा दगड आहे. सकाळच्या वेळी वारा इमारतीकडून भिंतीकडे जातो, म्हणजे भिंतीजवळ शेगडी पेटवली तर धूर भिंतीवरून खाडीकडे जाणार. सासूबाई दारात खुर्चीवर बसणार. कमरेएवढी उंची असल्याने त्यांना कधी हौस वाटलीच तर वाकावंही लागणार नाही, कारण वाकलं की त्यांना धाप लागायची. मी आलेखाच्या कागदावर आकृती काढली, मापं टाकली आणि नवऱ्याला दाखवली.

"ग्रिल लागेल रे आपल्याला," मी म्हटलं. "आणि त्याला स्टँड."

"कुठल्या खिडकीला?"

"खिडकीला नाही. परड्यात."

"परड्यात कशाला ग्रिल? भिंत आहे ना. चोर काय अळूची पानं नेणार?"

मुंबईत ग्रिल म्हणजे खिडकीचं. दुसरा अर्थ कोणाच्या डोक्यात येतच नाही. मी त्याला व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, "अगं मग बांगडे भाजायची शेगडी म्हण ना सरळ. ग्रिल काय ग्रिल." मी म्हटलं, व्हिडिओत ग्रिल म्हणतात. यावर तो गप्प बसला. माझ्याशी वाद घालून उपयोग नाही हे त्याला वीस वर्षांत कळलं आहे, असं मी तेव्हा अभिमानाने समजत होते.

पण त्या शब्दानेच त्याला एक गोष्ट आठवली. मागच्या वर्षी स्वयंपाकघराच्या खिडकीला नवीन सरकती काच बसवली तेव्हा जुनं ग्रिल काढून गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे ठेवलं होतं. तो जाऊन ते घेऊन आला. त्याला कबुतरं येऊ नयेत म्हणून बारीक चौकोनांची जाळी वेल्ड केलेली होती. बांगडा काय, मांदेलीही खाली पडली नसती. एवढी वर्षं उघड्यावर राहूनही कुठे गंजाचा ठिपका नव्हता. असणारच नाही, कारण ते जीआयचं होतं. खाडीच्या वाऱ्याने आमच्याकडे साधं लोखंड टिकत नाही. सायकलची साखळी दोन पावसाळ्यांत लाल होते, म्हणून या भागात जो तो जीआय लावतो. जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड. पुस्तकात त्याला जस्तविलेपन म्हणतात. धातूंचं क्षरण शिकवताना मी दरवर्षी मुलांना विचारते, तुमच्या खिडकीचं ग्रिल कशाचं आहे, आणि अर्धा वर्ग एका सुरात म्हणतो, जीआय. त्या जस्तामुळे लोखंड कसं वाचतं ते मग मी फळ्यावर काढून दाखवते.

कबुतरांची जाळी म्हटल्यावर सासूबाईंनी नाक मुरडलं. "तेच्यार मासो भाजतलंस? पारव्यांनी घाण केलेल्यार?" मी दोन वेळा उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा घालून तारेच्या ब्रशने ती घासली. बोटांची सालटं निघाली. पायांसाठी जुन्या पाण्याच्या लाइनचे पाइप होते, तेही जीआयचेच. कोळशांसाठी एक लोखंडी घमेलं. सगळं घरातलं, आणि सगळं न गंजणारं. मी स्वतःवर फारच खूश होते.

कापायचं आणि वेल्डिंग करायचं काम तेवढं माझ्या हातात नव्हतं. स्टेशनच्या रस्त्याला खिडक्यांची ग्रिलं बनवणाऱ्या एका कारागिराचं दुकान आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर घरून ते सामान रिक्षात घालून मी तिकडे निघाले. निघताना शेजारणीने विचारलं, हे काय. रिक्षावाल्याने विचारलं, भंगार आहे का. रस्त्यात शाळेतली एक बाई भेटली, तिनेही विचारलं, आणि तिला मी सगळं समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "एवढं करण्यापेक्षा हॉटेलातून मागव ना तंदूर फिश." तिला काय उत्तर द्यायचं ते मी गिळलं, पण दुकानात पोचेपर्यंत माझ्या तोंडावर ते दिसत असणार.

कारागीर चाळिशीचा, शांत माणूस. त्याने पाइप उचलून पाहिले, जाळीवर नख घासलं.

"काय बनवायचं मॅडम?"

"ग्रिलसाठी स्टँड."

"अच्छा. म्हणजे कुंड्या वगैरे ठेवायला?"

मला तिथे थांबून सगळं सांगायचं होतं असं आता म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला चौथ्यांदा सांगायचा कंटाळा आला होता. सासू, दमा, बांगडा, धूर, एवढं सगळं एका परक्या माणसाला कशाला. आणि त्यानेही एखादा शहाणपणा सांगितला असता तर मी तिथेच फुटले असते.

"हो, तसंच काहीतरी," मी म्हटलं आणि आकृतीचा कागद त्याच्या हातात दिला.

"मग एकदम बेस्ट. जन्मभर गंजणार नाही."

त्याने पाइप कापले. वेल्डिंग करायच्या आधी जोडाच्या जागा ग्राइंडरने खरवडून पांढऱ्या केल्या. मग एक रुमाल पाण्यात बुडवून नाकातोंडावर बांधला आणि मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्या बाजूला उभ्या राहा. जीआयचा धूर बेकार असतो. दिवसभर हेच काम केलं तर नंतर अंगात थंडी भरते, ताप येतो. छाती धरते. आम्ही लोक वरून दूध पितो."

"दुधाने काय होतं?"

"काय माहीत. उस्ताद पीत होता, म्हणून आम्ही पण पितो."

मी त्याला सांगितलं की दूध पोटात जातं, धूर फुफ्फुसात, दोन्हींचा काही संबंध नाही. अगदी वर्गात सांगते तसं. तो रुमालाआडून हसला आणि कामाला लागला. त्याच्या वाक्यातली चूक मी बरोबर पकडली होती. त्याच वाक्यातलं खरं मी कानावरून जाऊ दिलं. वेल्डिंगच्या ठिणगीला धूर होतो तर कोळशावर काय होईल, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. पाइप तापणार नव्हते, तापणार होती ती जाळी, आणि जाळी मी माझ्या हाताने घासून लख्ख केली होती. मला ती स्वच्छ वाटत होती.

रविवारी सकाळी आम्ही स्टँड भिंतीजवळ ठेवला. बोरिवलीहून नणंद आली होती. आई जेवत नाही या काळजीने तीही महिनाभर फोनवर रडवेली होत असे. नवऱ्याने इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळसा आणला. बांगडे मी बाजारातून स्वतः निवडून आणले होते, ताठ, डोळे चकचकीत. सासूबाईंनी त्यांना हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचं आगळ स्वतः चोळलं. किती दिवसांनी त्या पाटावर बसून काही करत होत्या. हात थरथरत होते, पण बांगड्याला चिरा देताना एकही वाकडी गेली नाही.

मी त्यांची खुर्ची दारात मांडली आणि बजावलं, "इथून हलायचं नाही. काय सांगायचं ते इथून सांगा."

कोळसे लवकर धरेनात, म्हणून मी टेबल फॅन बाहेर आणून लावला. मग ते असे फुलले की घमेल्याचा तळ लाल दिसू लागला. व्हिडिओत सांगितलं होतं, जाळी आधी रिकामी तापवावी म्हणजे मासा चिकटत नाही. मी जाळी ठेवली. थोड्या वेळाने तिच्यातून पांढरा, दाट धूर निघाला. मासा तर अजून घातलाच नव्हता. मला वाटलं, धुण्याचा सोडा राहिला असेल कुठेतरी. तो जळून जाईल म्हणून मी आणखी थांबले. वारा भिंतीकडे होता, पण आमच्या टेबल फॅनचा वारा घमेल्यावर आपटून अर्धा धूर मागे फिरवत होता. तोंडात एक गोडसर चव आली, नाणं चोखल्यासारखी.

बांगडे घातले. चरचर झाली, वास सुटला, आणि नणंद म्हणाली, "झकास." पहिला बांगडा मी उलटायला गेले तर त्याची कातडी जाळीला राहिली. दुसऱ्याचंही तेच झालं. सासूबाईंचा जीव खालीवर झाला असणार. त्या उठल्या आणि भिंत धरत स्टँडपाशी आल्या.

"आई, मागे व्हा," मी ओरडले.

"मासो रडवतंस तू. सरक," म्हणून त्यांनी माझ्या हातातलं उलथणं घेतलं.

मी त्यांना हाताला धरून बसवायला हवं होतं. पण त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्या कमरेएवढ्या उंचीवर, मी मोजून केलेल्या उंचीवर, न वाकता उभ्या राहून बांगडे उलटत होत्या. मी बाजूला झाले. त्या पाच-सात मिनिटं तिथे होत्या. मध्ये एकदा थांबल्या, नाकाला पदर लावला, माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "काय नाय गो," आणि पुढचा बांगडा उलटला. जाळीच्या मधल्या तारा पिवळसर दिसत होत्या. मी म्हटलं, हळद उतरलीय.

त्या दिवशी त्यांनी दोन बांगडे खाल्ले. भाकरी खाल्ली, वर सोलकढी प्यायल्या. काटे चोखून पानाच्या कडेला ओळीने लावले. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा मला म्हणाला, "मानलं तुला यार." मला इतका आनंद झाला की मी स्वतः धड जेवले नाही, नुसती त्यांच्याकडे बघत बसले. घशात खवखवत होतं, त्याकडे कोण लक्ष देतं.

एक वाजायच्या सुमारास त्यांना खोकला सुरू झाला. साधाच वाटला. मी पंप दिला. पंधरा मिनिटांनी पुन्हा दिला. दीड वाजता त्या पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसल्या होत्या, खांदे वर ओढलेले, गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत जात होता. बोलायचा प्रयत्न केला तर एकेक शब्द सुटा येत होता. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, आकडा पाहिला, आणि मी तो नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवू शकले नाही. त्याने रिक्षा बोलावली. दोघा भावंडांनी त्यांना खुर्चीसकट उचलून बाहेर नेलं. जाताजाता नणंद मला म्हणाली, "तू फाइल घेऊन ये मागून, औषधांची चिठ्ठी असेल ती सगळी."

घर एकदम रिकामं झालं. फाइल कपाटात नव्हती. मागच्या वेळी मीच ती स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली होती. ती काढताना मागचं दार उघडं दिसलं, लावायला गेले आणि स्टँडकडे नजर गेली. कोळसे विझले होते. जाळीच्या मधल्या तारा, ज्या सकाळी पिवळ्या दिसत होत्या, त्या आता पांढऱ्या होत्या. मी बोट लावलं. पांढरी भुकटी बोटाला आली.

जस्ताचं ऑक्साइड गरम असताना पिवळं आणि गार झालं की पांढरं होतं. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. परीक्षानळीत तापवून मी ते मुलांना दाखवलेलं आहे, त्यांना जादू वाटते. मी तिथे उभी राहिले आणि एकामागून एक सगळं माझ्यासमोर येत गेलं. पांढरा धूर. तोंडातली चव. ओला रुमाल बांधलेला तो माणूस. थंडी भरते, छाती धरते. त्याने सांगितलं होतं आणि मी त्याला दुधावरून शिकवत बसले होते. त्याने विचारलं होतं, कुंड्या ठेवायला? मी हो म्हटलं होतं. मी जर म्हटलं असतं, बांगडे भाजायची शेगडी आहे, तर त्याने हातातला ग्राइंडर खाली ठेवला असता. बोट दाराला पुसून मी फाइल उचलली. रिक्षात मला हुडहुडी भरली होती, ती भीतीची की धुराची, कळेना.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा सासूबाईंच्या तोंडावर मास्क होता. त्यातून औषधाची वाफ चालली होती. एक तरुण डॉक्टर कागदावर लिहीत होता. "कशाचा धूर म्हणालात?" त्याने विचारलं. नवरा म्हणाला, "कोळशाचा. अंगणात मासे भाजले." मी फाइल हातात धरून त्यांच्या मागे उभी होते. तोंड उघडायची तीच वेळ होती. माझं तोंड उघडलं नाही. मी स्वतःला सांगितलं, धूर तो धूर, औषध तेच असणार. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेला.

नणंद आईच्या उशाशी होती. काळजीने तिचं भान सुटलं होतं, आणि भान सुटलं की ती बोलत सुटते. "आई, डॉक्टर सांगतात तर ऐकायचं नाही का? एवढं काय त्या बांगड्याचं? जीव मोठा की जीभ मोठी? आणि सांगितलं होतं ना खुर्चीतून उठू नको म्हणून." मास्कमागे सासूबाईंनी मान हलवली. चुकलं माझं, अशी. मग त्यांनी दोन्ही हात थोडे उचलले आणि जोडले. श्वास पुरत नव्हता त्या बाईला, आणि ती तेवढ्यात माफी मागत होती.

ते मला बघवलं नाही. मी डॉक्टरमागे गेले आणि म्हटलं, "कोळशाचा नव्हता फक्त. जाळी जीआयची होती. जस्त जळलंय. पाच-सात मिनिटं तरी त्यांनी तो धूर घेतलाय." मला आवाज आवरता आला नाही, सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टरने माझ्याकडे नीट पाहिलं, आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, तुम्हाला स्वतःला काही होतंय का ते विचारलं. मग म्हणाला, "बरं केलंत सांगितलंत. आता ताप चढेल त्यांना, कणकण येईल. आम्ही निमोनिया धरून बसलो असतो. ऑक्सिजनवर ठेवू, लक्ष ठेवू. पण वय आहे, आधीचा दमा आहे. आत्ता काही सांगता येणार नाही."

नणंद माझ्याकडे बघत होती. "सायन्स शिकवतेस ना तू?" एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं.  नवऱ्याने माझ्या हातातली फाइल घेतली आणि आईजवळ जाऊन बसला.

सासूबाईंना ताप चढला तसाच, दात वाजेपर्यंत थंडी भरली. मलाही भरली, पण मी ते कोणाला सांगितलं नाही. त्या आज वाचतात की नाही यावर माझं सगळं आयुष्य अडून राहिलंय असं मला वाटत होतं. सोमवार तसाच गेला. यंत्रावरचा आकडा एक वर जायचा, दोन खाली यायचा. नणंद माझ्याशी बोलत नव्हती आणि मला ते बरंच वाटत होतं. मंगळवारी दुपारी ताप उतरला. आकडा वर आला तो वरच राहिला. डॉक्टरने मास्क काढून नुसती नाकाची नळी ठेवली आणि म्हणाला, या वेळी थोडक्यात निभावलं.

नवरा आणि नणंद चहाला खाली गेले होते. मी खाटेशेजारी स्टुलावर बसले आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. जाळी, जस्त, तो कारागीर, माझं हो म्हणणं. "तुमची काही चूक नव्हती," मी म्हटलं. "बांगड्याची पण नव्हती. माझी होती." मला रडू आवरेना.

त्यांनी नाकाची नळी सारखी केली. मग म्हणाल्या, "माका कळला होता."

"काय कळलं होतं?"

"धुराक वास कोळशाचो नव्हतो. जल्म गेलो माझो चुलीफुडे. घशात लागलो तेवाच कळला, ह्या कायतरी येगळा जळताहा."

मला आठवलं, त्यांनी नाकाला पदर लावला होता आणि माझ्याकडे पाहिलं होतं.

"आई, मग बोलला का नाहीत? उठून का नाही गेलात?"

"तू येवढा करून घेतलेलंस. बोटा सोलान घेतलंस." त्यांनी दम घेतला. "मी काय बोललंय असतंय तर तू रागावली असतंस. मगे दोन दिस तुझा तोंड तसाच. घरात कोण कोणाशी बोलणा नाय, झील माझो, तुझो घोव, गप. म्हटला, दोन बांगडे तर भाजूचे. ऱ्हवतंय उभी."

हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत. पाऊस येणार होता म्हणून कपडे आत घेतले, इतक्या सहज म्हणाल्या. मला वाटत होतं मी एका शब्दाने चुकले, एका दुकानात, एका शनिवारी. माझ्याशी कोणी वाद घालत नाही म्हणजे घरात शांतता आहे, असं मी वीस वर्षं समजत आले होते. त्या शांततेत माणसं काय काय गिळून बसत होती ते मी कधी विचारलंच नाही. माझा राग सोसण्यापेक्षा त्यांना विषारी धूर सोपा वाटला होता.

मी त्यांचा हात धरला. "पुढच्या वेळी तोंडावर सांगायचं मला," मी म्हटलं. "काहीही असलं तरी."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, खात्री करून घ्यावी तसं.

"रागावचंस नाय मा?"

पंचाहत्तर वर्षांची बाई, नाकात नळी, आणि मला विचारत होती. मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. मला स्वतःला अजून खात्री नव्हती.